कापडी ग्रो बॅग, दोन वर्षं वापरून झाल्यावर

दोन वर्षांपूर्वी मी एकदम चौदा ग्रो बॅग, म्हणजे कुंडीऐवजी झाडं लावायच्या पिशव्या, मागवल्या होत्या, आठ कापडी आणि सहा त्या ताडपत्रीसारख्या विणलेल्या प्लॅस्टिकच्या. त्यातल्या चार धाकट्या बहिणीला दिल्या, दोन ह्यातल्या दोन त्यातल्या. मी गेली बारा वर्षं कुंड्यांमध्ये भाज्या लावतेय आणि तिने त्याआधी एक रोपसुद्धा लावलेलं नव्हतं. पिशव्या त्याच, पण आम्हा दोघींना अनुभव इतका वेगळा आला की हे सविस्तर लिहावंसं वाटलं. पिशव्यांचे बहुतेक रिव्ह्यू लोक पार्सल उघडल्या दिवशी लिहितात, कापड छान आहे, हँडल मजबूत आहे, पॅकिंग चांगलं होतं वगैरे, पण पिशवी खरी कळते ती एक अख्खा कडक उन्हाळा आणि एक सलग पावसाचा महिना काढल्यावर.

ज्यांना फक्त मत हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. जाड कापडाची ग्रो बॅग मला प्लॅस्टिकच्या कुंडीपेक्षा नक्कीच जास्त आवडली, टोमॅटो, वांगी, मिरची, लिंबू अशा झाडांना तर फारच. पण ज्यांना उन्हाळ्यात रोज सकाळी झाडांकडे बघायला जमणार नाही त्यांनी ती घेऊ नये, निदान पहिल्या वर्षी तरी नको. का ते पुढे येतंच.

आधी नावाचा घोळ. ग्रो बॅग म्हणून दोन पूर्ण वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि नवीन माणसाला फोटोवरून काही कळत नाही. एक असते फेल्टसारख्या न विणलेल्या जाड कापडाची, कापड पॉलिप्रोपिलीनचं किंवा रिसायकल केलेल्या पॉलिस्टरचं असतं, हिच्या बाजूंमधून हवा आणि पाणी दोन्ही आरपार जातं. दुसरी असते एचडीपीई नावाच्या प्लॅस्टिकची, विणलेली, बहुतेक हिरवी, आणि तळाशी धातूच्या रिंगा लावलेली भोकं. तिच्या बाजूंमधून काहीही जात नाही, म्हणजे ती खरं तर घडी घालता येणारी प्लॅस्टिकची कुंडीच झाली. दोन्ही चांगल्या आहेत पण दोघींची कामं वेगळी, आणि मुळांना हवा मिळते म्हणून जे कौतुक सगळीकडे वाचायला मिळतं ते फक्त पहिलीला लागू पडतं.

दुसरा आकडा बघायचा तो जीएसएम. एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम भरतं तो आकडा, म्हणजे जितका जास्त तितकं कापड जाड. माझ्या आठ कापडी पिशव्या दोन विक्रेत्यांकडून आलेल्या. पाचांवर ३०० जीएसएम लिहिलेलं होतं, उरलेल्या तिघींवर काहीच नव्हतं आणि मी विचारलंही नाही. आल्या तेव्हा हातात धरून फार फरक वाटला नाही. पण पहिला उन्हाळा संपेपर्यंत त्या तिघींचं वरचं काठाचं कापड, जिथे माती नसते आणि ऊन थेट लागतं, तिथे भुसभुशीत व्हायला लागलं, बोटाने घासलं की तंतू सुटून यायचे. एकीचं हँडल उचलताना शिवणीतून निघालं. पॉलिप्रोपिलीनला उन्हातल्या अतिनील किरणांचा त्रास होतो, त्यात यूव्हीसाठीची प्रक्रिया केलेली नसेल तर ते ठिसूळ होणारच. त्यामुळे जीएसएम आणि यूव्ही हे दोन शब्द वर्णनात नसतील तर सरळ विचारा, उत्तर नाही आलं तर घेऊ नका.

त्याच तिघींची अजून एक गंमत नसलेली गोष्ट म्हणजे माप. १२ बाय १२ इंच लिहिलेलं, पण माती भरून फुगल्यावर मी टेपने घेर मोजला तर ३३ इंच भरला, म्हणजे व्यास साडेदहा इंच. ऐकायला दीड इंच कमी, पण खरी १२ बाय १२ ची पिशवी साधारण २२ लिटरची असते आणि ही निघाली १७ लिटरची. टोमॅटोसाठी हा फरक छोटा नाही. घेर मोजायचा, ३.१४ ने भागायचं, व्यास मिळतो, दोन मिनिटांचं काम आहे, परत करायची मुदत असतानाच करून टाका.

आता मुळांबद्दल, कारण मी ह्या पिशव्या घेतल्याच त्यासाठी. प्लॅस्टिकच्या कुंडीतलं जुनं झाड काढलंय का कधी? मुळं भिंतीला जाऊन आदळतात आणि मग भिंतीच्या कडेकडेने गोल गोल फिरत राहतात, बाहेर काढल्यावर अख्खा गोळा वेटोळं घातलेल्या दोरीसारखा दिसतो, मधली माती बऱ्यापैकी रिकामीच. कापडी पिशवीत मूळ कडेला आलं की त्याचं टोक कापडाजवळच्या कोरड्या हवेत सुकतं, पुढे वाढायचं थांबतं, आणि मग मागच्या भागातून त्याला नवीन बारीक फांद्या फुटतात. जशी शेंडा खुडल्यावर मिरचीला बाजूने फूट येते, तसंच मातीच्या आत. पाणी आणि अन्न ओढायचं मुख्य काम ह्या बारीक मुळांचंच असतं.

हे मी वाचलेलं होतं पण पटलं ते पहिल्या हंगामाच्या शेवटी. एक वांगं कापडी पिशवीत आणि एक तेवढ्याच लिटरच्या जुन्या प्लॅस्टिकच्या कुंडीत, रोपं एकाच ट्रेमधली, माती एकाच ढिगातली. दोन्ही काढली तेव्हा कुंडीतल्याला कडेने जाड वेटोळी आणि तळाशी कुजकट वास, आणि पिशवीतला गोळा असा की कुठूनही फोडला तरी पांढरी बारीक मुळं, मधोमधसुद्धा. बारा वर्षं कुंड्या वापरून मी असा मुळांचा गोळा पाहिला नव्हता, खरंच खूप आनंद झाला मला.

पण.

जी बाजू हवा आत घेते तीच बाजू पाणी बाहेर सोडते. कापडी पिशवी फक्त वरून सुकत नाही, चहूबाजूंनी सुकते. त्याचा एक फायदा आहे, पाणी उडून जाताना पिशवी थंड राहते, भर दुपारी काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीला हात लावून बघा आणि पिशवीला लावून बघा म्हणजे लगेच कळेल, मुळं भाजत नाहीत. पण त्या थंडाव्याची किंमत पाण्यात द्यावी लागते. माझ्या प्लॅस्टिकच्या कुंडीला उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी पुरायचं, त्याच जागी पिशवीला रोज लागलं, आणि वारा जोरात असेल त्या दिवशी लहान पिशव्यांना दोनदा.

बहिणीचं सगळं इथेच बिघडलं. तिने एका कापडी पिशवीत टोमॅटोची तीन रोपं लावली, छोटी होती तेव्हा तिन्ही मस्त मावली. दोन महिन्यांनी ती दुपारी मान टाकायला लागली. ही ऑफिसमधून संध्याकाळी येऊन भसाभस पाणी घालायची, ते अर्धं बाजूच्या कापडातून बाहेर, मग दोन दिवस लक्ष नाही, मग परत बादलीभर. फळं धरली आणि त्यांची बुडं काळी पडायला लागली, दबलेला चामड्यासारखा डाग. ती म्हणाली ताई रोग आलाय, कोणीतरी तिला कॅल्शियम कमी आहे सांगितलं म्हणून तिने अंड्याची टरफलं चुरून घातली.

ह्याबद्दल जरा थांबून सांगते कारण जवळजवळ प्रत्येक नवीन माणसाला हे होतं. टोमॅटोचं बुड काळं पडणं हा बुरशीचा रोग नाही, त्यावर फवारणी करून काही होत नाही. फळाच्या टोकाला कॅल्शियम पोचत नाही म्हणून होतं हे बरोबर, पण मातीत कॅल्शियम नसतं असं बहुतेक वेळा नसतं. कॅल्शियम झाडात पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढतं, पाणी मध्येच तुटलं की ते फळाच्या टोकापर्यंत पोचायचं राहून जातं. म्हणजे दुखणं पाण्याच्या अनियमितपणाचं. टरफलं विरघळून उपयोगी पडायला कित्येक महिने लागतात, त्या पिकाला त्यांचा काही उपयोग होत नाही. आम्ही तिथे दोन रोपं जमिनीलगत कापून टाकली (उपटायची नाहीत, ठेवलेल्या रोपाची मुळं तुटतात), मातीवर दोन इंच सुक्या पानांचं आच्छादन घातलं, पाण्याची वेळ सकाळची केली. आधीची डाग पडलेली फळं तशीच राहिली, ती सुधारत नाहीत, तोडून टाकायची. पण पुढची चांगली आली.

पिशवीला पाणी कसं घालायचं ह्यात एक छोटी पद्धत आहे आणि ती जमली की निम्मी तक्रार संपते. एकदम ओतायचं नाही. आधी झारीने थोडं, माती ओली होण्यापुरतं, मग दुसऱ्या पिशव्यांकडे जायचं, दहा मिनिटांनी परत येऊन सावकाश दुसरा हात, तळातून पाझरायला लागेपर्यंत. कोरडी माती पहिल्यांदा पाणी नीट धरत नाही, ओलसर माती धरते. आणि एखादी पिशवी इतकी सुकली असेल की माती आकसून कडेला फट पडलीय, तर वरून कितीही घाला पाणी त्या फटीतून खाली जाणार आणि मधली माती कोरडी ती कोरडीच, वरून मात्र ओली दिसते म्हणून आपण फसतो. अशी पिशवी लहान असेल तर टबात थोडं पाणी घेऊन त्यात अर्धा तास बसवायची, कापड खालून बाजूने पाणी ओढून घेतं, हे काम प्लॅस्टिकच्या कुंडीपेक्षा कापडी पिशवीत फार छान होतं.

कधी घालायचं? शेतीतला वाफसा हा शब्द मला कुंडीसाठीही सगळ्यात योग्य वाटतो. माती चिखलही नाही आणि धूळही नाही, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि अंगठ्याने ढकलला तर सुटतो, मातीच्या कणांमध्ये पाणीही आहे आणि हवाही आहे, तो वाफसा. कापडी पिशवीचं सगळं कौतुक एका वाक्यात सांगायचं तर तिच्यात वाफसा लवकर येतो, आणि सगळी तक्रारही एवढीच की तो लवकर जातोसुद्धा. बोट दोन पेरं आत घालून बघायचं, वर कोरडं आणि आत गार लागलं तर अजून थांबायचं. रोज उचलायची सवय लागली तर तेही पुरतं, हँडल धरून जरा तिरकी केली की वजनावरून कळतं. बहिणीने मातीतली ओल मोजायचा मॉइश्चर मीटर आणला होता तो काट्याचा, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असलेल्या सैल मिश्रणात तो कधी कोरडं दाखवायचा कधी ओलं, आता ती पण बोटानेच बघते.

आणि दुपारी पानं लोंबली म्हणून लगेच धावायचं नाही. भर उन्हात मोठ्या पानांची झाडं पान सोडतातच, उन्हं उतरल्यावर सावरली तर काही झालेलं नाही. सकाळी सकाळी लोंबलेली दिसली तर मात्र बोट घाला. कोरडं असेल तर पाणी हवंय, ओलं असूनही लोंबलंय तर मुळं कुजतायत आणि अजून पाणी म्हणजे झाड गेलंच. नवीन लोकांची झाडं पाण्याअभावी कमी आणि जास्तीच्या पाण्याने जास्त जातात असं मी बघितलंय, त्या बाबतीत कापडी पिशवी खूप सांभाळून घेते, चुकून जास्त झालं तरी निघून जातं.

भरायचं काय ह्यावर मी आधी फार डोकं खाल्लं. प्लॅस्टिकच्या कुंडीसाठी माझं मिश्रण माती, कोकोपीट, खत सारखं आणि वर थोडं परलाइट (पांढरे हलके खनिजाचे दाणे) किंवा जाडसर वाळू, निचरा व्हावा म्हणून. पहिल्या वर्षी तेच पिशवीत भरलं आणि ते पाणी टिकवेचना. पिशवीला निचरा शिकवायची गरजच नाही, तो तिच्याकडे आहे. दुसऱ्या वर्षी परलाइट आणि वाळू काढून टाकली आणि मुरलेलं कंपोस्ट वाढवलं, माती एक भाग, कोकोपीट एक भाग, कंपोस्ट दीड भाग, आणि पिशवी निदान तीनचार तास जास्त तग धरायला लागली. अनुभवी मंडळींसाठी ह्या सगळ्या रिव्ह्यूमधली कामाची गोष्ट बहुतेक हीच असेल, जुनं मिश्रण जसंच्या तसं पिशवीत नेऊ नका.

तळाला खडे, विटांचे तुकडे, थर्माकोल काही घालू नका, पिशवीत नाहीच आणि कुंडीतही नाही. पाणी बारीक मातीतून जाडसर खड्यांमध्ये सहज उतरत नाही, ते सीमेवर अडून राहतं, म्हणजे चिखलाचा थर तळाऐवजी अजून वर मुळांच्या जवळ येतो. मी स्वतः आठदहा वर्षं खडे घालत होते, सगळेच घालतात म्हणून.

कोकोपीटबद्दल दोन गोष्टी. पाच किलोचा ब्लॉक भिजवून फुगला की साधारण ७० ते ७५ लिटर होतो, त्यामुळे किती पिशव्या भरायच्या तो हिशोब आधी करा नाहीतर घरभर कोकोपीट होतं. आणि ते धुवून घ्या. नारळाच्या काथ्यात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात, पाकिटावर धुतलेलं किंवा लो ईसी (म्हणजे क्षार कमी) लिहिलेलं असलं तरी मी दोनदा धुते, पहिलं पाणी गडद चहासारखं निघतं, ते फिकट होईपर्यंत. दुसरं म्हणजे कोकोपीटमध्ये झाडाला खायला जवळजवळ काहीच नसतं, ते फक्त पाणी धरतं. बहिणीची दुसरी कापडी पिशवी म्हणजे नुसतं कोकोपीट आणि त्यात पालक, हलकं पडतं म्हणून तिने तसं केलं. उगवला छान, मग खालची जुनी पानं आधी पिवळी आणि वाढ ठप्प. खालची पानं आधी पिवळी पडली की बहुतेक नत्र कमी पडतंय, कारण झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्याला देतं. कंपोस्टचं पाणी दिल्यावर आठदहा दिवसात नवीन पानं हिरवीगार.

भरताना काठापर्यंत भरा बरं का, महिन्याभरात दोनतीन इंच खाली बसतं. पण बी पेरायची असेल तर उलट करा, पिशवी अर्धी भरा आणि वरचं कापड बाहेर दुमडून खाली आणा, नाहीतर कोवळ्या रोपावर कापडाच्या काठाची सावली पडते आणि ते प्रकाशाकडे ताणत लांबुळकं होतं. बटाट्याला ही युक्ती सगळ्यात भारी, झाड वाढेल तसा काठ उलगडत वर न्यायचा आणि माती टाकत जायची. टोमॅटोचं रोप लावताना पहिल्या पानांपर्यंत खोल गाडलं तर गाडलेल्या खोडाला मुळं फुटतात, त्यासाठी पिशवीची खोली कामी येते. वांग्या-मिरचीला मात्र एवढं खोल नको.

आकाराचं सांगायचं तर पालेभाजीला खोली नको रुंदी हवी, सहा इंच खोल पुरते. मिरचीला १० ते १२ लिटर, टोमॅटो आणि वांग्याला २० च्या आसपास आणि एका पिशवीत एकच झाड, कितीही मोह झाला तरी. ९ बाय ९ ची पिशवी फक्त ९ लिटरची भरते, फोटोत मोठी दिसते पण ती पुदिना, कांद्याची पात अशांसाठी ठीक. शंका असली तर एक आकार मोठी घ्या, मोठ्या पिशवीत पाणी जास्त वेळ टिकतं आणि चूक पोटात घेतली जाते. नवीन लोक खर्च नको म्हणून लहान घेतात आणि लहान पिशवी सांभाळणंच जास्त अवघड असतं.

खताचं तर साधं आहे. रोज पाणी म्हणजे रोज थोडं अन्न वाहून जाणार, म्हणून महिन्याने एकदम भरपूर देण्यापेक्षा पंधरा दिवसांनी मूठदोन मूठ गांडूळखत, आणि फुलं लागल्यावर एखादं द्रवखत पाकिटावर दिलेल्याच्या निम्म्या प्रमाणात. पिशवीच्या बाहेरून पांढरा थर येतो तो बघून बहिणीने मला घाबरून फोटो पाठवला होता. बहुतेक वेळा ती बुरशी नसते, पाणी उडून गेल्यावर मागे राहिलेले क्षार असतात. ब्रशने झाडायचं, आणि दोनतीन महिन्यांतून एकदा पिशवीच्या आकाराच्या दुप्पट तरी साधं पाणी सावकाश सोडून माती धुवून काढायची, दुसऱ्या दिवशी थोडं खत. हिरवा थर आला तर ते शेवाळं, त्याने झाडाला काही होत नाही.

किडीचं पिशवीमुळे वेगळं असं एकच, सतत ओल्या कंपोस्टवर बारीक काळ्या माश्या येतात, वरची इंचभर माती सुकू दिली आणि पिवळे चिकट कागद लावले की कमी होतात. मावा, पिठ्या ढेकूण ह्यांना मी एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि मिलीदोन मिली लिक्विड सोप घालून फवारते, पानांच्या खालच्या बाजूने, आणि उन्हं उतरल्यावरच, कारण उन्हात त्याचा गुण जातो आणि पानंही करपतात. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस बघा.

काही गोष्टी ज्या कोणीच सांगत नाही त्या सांगते. कापडी पिशवीला स्वतःचा ताठपणा नाही, भरलेली उचलली की पोट दाबलं जातं आणि आतली बारीक मुळं तुटतात, ज्या मुळांसाठी ती घेतली तीच. २२ लिटरची ओली पिशवी एकट्याने उचलायच्या वजनाची राहत नाही, मातीचं प्रमाण जास्त असेल तर अजूनच जड. त्यामुळे हँडल मजबूत आहे म्हणून झाड इकडून तिकडे नाचवू नका. बाल्कनीत किंवा गच्चीवर ओळीने ठेवणार असाल तर एकूण वजनाचा विचार आधी करा. फरशीवर तांबूस डाग पडतात ते माझे अजून गेलेले नाहीत, खाली स्टँड किंवा चार विटा ठेवा, तळालाही हवा लागते. थेट जमिनीवर ठेवली तर मुळं कापड भेदून खाली मातीत जातात, मग ती हलवताच येत नाही. आणि आधाराची काठी पिशवीत ठरत नाही, झाड मोठं झालं की काठीसकट कलतं, काठी बाहेर कठड्याला किंवा भिंतीच्या हुकाला बांधावी लागते. मला टोमॅटोच्या वेळी हा खरंच त्रास झाला.

आता त्या विणलेल्या पिशव्या. कापडीच्या कौतुकात त्यांच्यावर अन्याय होतो. बहिणीच्या चारपैकी पहिल्या वर्षी न रडवता वाढलेल्या दोन म्हणजे विणलेल्या पिशवीतला पुदिना आणि मिरची. पाणी दोन दिवस टिकतं, आकार ताठ राहतो, डाग कमी, आणि माझ्याकडच्या चारही अजून धडधाकट आहेत. घेताना तळाची भोकं मोजा, माझ्या एकीला दोनच होती आणि त्यातलं एक मातीच्या वजनाने दुमडून बंद झालेलं, सलग पाऊस लागला तेव्हा चार दिवसांत आत दलदल. तापलेल्या खिळ्याने अजून चार पाडली तळापासून इंचभर वर, मग ठीक झालं. त्याच पावसात कापडी पिशव्यांतलं एकही झाड कुजलं नाही. म्हणजे फार पाऊस आणि ओल असणाऱ्या जागेत कापडी, कडक ऊन आणि कमी वेळ असेल तर विणलेली, मी असं लावते आता.

हंगाम संपल्यावर कापडी पिशवी उलटी करून सुकवायची, मग कोरडी माती झटकून ब्रशने घासून धुवायची आणि उन्हात दोन दिवस. मशीनमध्ये घालू नका, बारीक मुळं कापडात अडकलेली असतात ती सगळीकडे पसरतात. ज्या मातीत टोमॅटो होता तीत पुढच्या वेळी मिरची, वांगं, बटाटा नको, सगळी एकाच कुळातली, रोग तेच. मी शेंगभाजी किंवा पालेभाजी घेते. झाड मर रोगाने गेलं असेल तर ती माती भाजीला परत वापरत नाही आणि पिशवीही गरम पाण्याने धुते.

दोन वर्षांनंतरचा हिशोब असा, ३०० जीएसएमच्या पाचही पिशव्या वापरात आहेत, रंग उडालाय पण शिवण पक्की. बिननावाच्या जीएसएमच्या तिन्ही गेल्या. ज्यांच्याकडून त्या घेतल्या त्यांना मापाच्या फरकाबद्दल लिहिलं होतं, फोटोसकट, उत्तर आलं नाही.

ह्या वेळी मी अजून सहा मागवल्यात, सगळ्या ३०० च्या, चार नेहमीच्या आकाराच्या आणि दोन बुटक्या रुंद पालेभाजीसाठी. बहिणीला लिंबू लावायचंय, तिच्यासाठी १५ बाय १५ ची घेतली, ती ४३ लिटरची भरेल. भरायच्या आधी जागा ठरव आणि तिथे सहासात तास ऊन येतं का ते एक दिवस बसून बघ असं तिला सांगितलंय, एकदा भरली की ती दोघींना मिळूनही हलणार नाही.